मोटरहोम घ्यावी का? आधी ती उभी कुठे राहणार ते बघा

तुमचा प्रश्न असा: मार्चमध्ये तुम्ही निवृत्त होताय. डोंबिवलीला फ्लॅट आहे, राजापूरजवळ गावी घर आहे, हाताशी तीस लाख येतील. मोटरहोम, म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली गाडी, घेऊन दोघांनी रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने सावकाश फिरावं आणि आपण वापरत नसू तेव्हा ती भाड्याने द्यावी, असा विचार आहे. "फायदे-तोटे प्रामाणिकपणे सांगा, ताई," असं तुम्ही लिहिलंय.

सांगते. आमची स्वतःची मोटरहोम सात वर्षांची झाली. शिवाय गुहागर तालुक्यात आमचा छोटा होमस्टे आहे, त्याच्या आवारात दुसऱ्यांच्या गाड्याही मुक्कामाला येतात. म्हणजे मालकीण म्हणून मी जे सोसलं ते एक, आणि रात्री दहा वाजता "ताई, पाणी मिळेल का? प्लग कुठे आहे?" विचारणाऱ्या लोकांकडून जे कळलं ते दुसरं.

माझं मत आधीच देते: पहिल्याच वर्षी विकत घेऊ नका. कोकणात मोटरहोम चालवणं त्या मानाने सोपं आहे, ती उभी ठेवणं कठीण आहे. हौशी मालकाची गाडी वर्षातले तीनशे दिवस उभीच असते. आपल्याकडे उभ्या गाडीला खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून खातात. धावणारी गाडी निदान वाळते तरी.

पण आम्ही ती का घेतली ते आधी सांगायला हवं, कारण फायदा खरा आहे आणि तो मोठा आहे. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. घरात कमोड बसवला, पण घराबाहेर पडायचं म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न "तिथे सोय आहे का?" हाच. त्यांचं माहेर देवगड तालुक्यातलं. चार वर्षं त्या माहेरी गेल्या नव्हत्या. कारण एवढंच, की वाटेत कुठे बसता येणार नाही. हे कुणाला सांगायचीही त्यांना लाज वाटे, म्हणून "आता काय जायचं, कोण आहे तिथे" असं म्हणून विषय बंद करायच्या. गाडी आल्यावर पहिला प्रवास त्यांच्या माहेरचाच केला. तवसाळवरून फेरीबोटीने जयगड, मग गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, असं करत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणकेश्वर. सकाळी उठून बघते तर सासूबाई गाडीच्या दाराच्या पायरीवर बसलेल्या, हातात चहाचा कप, समोर देऊळ आणि त्यापलीकडे समुद्र. मला म्हणाल्या, "काल रात्री मी पोटभर पाणी प्यायले." प्रवासात पाणी न पिण्याची सवय त्यांना किती वर्षांपासून होती ते मला तेव्हा कळलं. त्यानंतर त्या आमच्याबरोबर अकरा वेळा आल्या.

तर स्वतःचं शौचालय, स्वतःचं अंथरूण आणि स्वतःची चूल हा या गाडीचा गाभा. घरात कुणाला मधुमेह असेल आणि इन्सुलिन थंड ठेवायचं असेल, कुणाला पथ्याचं जेवण लागत असेल, कुत्रा बरोबर न्यायचा असेल, तर हॉटेलं बदलत फिरणं आणि हे यांची तुलनाच होत नाही. दुसरा फायदा वेळेचा. वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात ती सकाळी आणि संध्याकाळी, तिथे गावातच मुक्काम असला तर ते निवांत बघता येतं. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख दरवर्षी वेगळी असते आणि देवीच्या कौलाने ठरते. ती जाहीर झाली की मालवणच्या लॉजमध्ये खोली मिळणं मुश्कील. अशा वेळी आपलं घर आपल्याबरोबर असणं फार सोयीचं.

आता पैशांचं. हे आकडे मी हिशोबासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला. समजा, गाडी सगळं मिळून २८ लाखांना पडली आणि आठ वर्षांनी १० लाखांना गेली. म्हणजे घसारा वर्षाला सव्वादोन लाख. तेच २८ लाख ठेवीत असते तर सात टक्क्यांनी वर्षाला जवळपास दोन लाख व्याज आलं असतं. विमा, सर्व्हिसिंग, टायर, किरकोळ दुरुस्त्या धरून लाखभर. वर्षाला सव्वापाच लाखांच्या आसपास, तेही डिझेल न धरता. वर्षाला चाळीस रात्री झोपलात तर एक रात्र तेरा हजारांना पडली. एकशे वीस रात्री झोपलात तर साडेचार हजारांच्या आत येते. तेव्हा "मोटरहोम परवडते का?" याचं उत्तर किमतीत नाही, रात्रींच्या संख्येत आहे. तुमच्या पत्रात गणपती, शिमगा, मे महिन्यातले दहा दिवस आणि "मध्ये मध्ये" असं आहे. गणपतीत आणि शिमग्यात तुम्ही गावच्या घरीच राहणार, गाडीत नाही. त्या रात्री वजा करून बघा.

भाड्याने देऊन खर्च काढू म्हणता, तर तिथे थांबा. खाजगी नोंदणीची, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही. त्यासाठी व्यावसायिक नोंदणी लागते, परमिट लागतं, फिटनेसचा, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचा, दाखला लागतो. नवीन व्यावसायिक गाडीचा फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावा लागतो. खाजगी नोंदणीवर भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि सगळी जबाबदारी तुमच्या अंगावर येते. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यातून हा व्यवसाय रीतसर करता येतो. पण तो व्यवसाय आहे. चादरी धुणं, टाक्या रिकाम्या करणं, मध्यरात्री बंद पडलेल्या पंपाचा फोन घेणं, हे सगळं त्यात येतं. निवृत्तीनंतर तुम्हाला हेच हवंय का, ते दोघांनी बसून ठरवा.

कागदपत्रांबद्दल आणखी एक, आणि यात तडजोड नको. "जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) घ्या, आम्ही आत घर करून देतो, पासिंगचं बघू नंतर" असं सांगणारे बरेच भेटतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. मोटर कॅरव्हॅनसाठी, म्हणजे सरकारी भाषेत मोटरहोमसाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. बॉडी बांधणाऱ्याकडे त्याची मंजुरी आहे का ते आधी कागदावर बघा, आणि आरसीवर गाडीचा प्रकार मोटर कॅरव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन असाच लिहिलेला हवा. आरसीवर प्रवासी बस आणि आत पलंग, संडास, शेगडी, अशा गाडीचा विमा दावा अडकलेला मी जवळून पाहिला आहे. आत बसवलेल्या वस्तूंची किंमतही विम्यात नोंदवून घ्या. लायसन्सची मात्र काळजी नको. एकूण भारित वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर तुमचं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, आणि आपल्या या गाड्या त्याच्या आतच असतात.

वजनाचा विषय निघालाच आहे. रिकामी गाडी बघून माणसाचा अंदाज चुकतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यावर प्लायवूड, बॅटऱ्या, छतावरचा एसी, सोलर, गाद्या, भांडी, आणि परतीच्या वाटेवर आंब्याच्या पेट्या. आमची गाडी पहिल्यांदा पूर्ण भरून वजनकाट्यावर नेली तेव्हा एकूण वजन मर्यादेत होतं, पण मागच्या ॲक्सलवर बोजा फार होता, कारण पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि सामानाचा कप्पा सगळंच बॉडीवाल्याने मागे टाकलेलं. बॅटऱ्या पुढे सरकवल्या. तुम्ही गाडी घ्याल तेव्हा ती भरून काट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, अशा दोन पावत्या घ्या आणि चेसिसच्या पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून बघा. आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरताना या वजनाचा अर्थ कळतो. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर पाय ठेवून नाही. ब्रेक तापून त्यांची पकड गेली की पुढच्या वळणावर काहीच हातात राहत नाही.

टायरचंही तसंच. मोटरहोमचे टायर झिजून नाही, वयाने जातात. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी नवी दिसते म्हणून सात वर्षांच्या टायरवर घाटात जाऊ नका. जुनी गाडी बघायला गेलात तर किलोमीटरच्या आधी हे आकडे वाचा.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. मुंबई-गोवा महामार्गावर, जिथे काम पूर्ण झालंय तिथे, काही त्रास नाही, आणि कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो घाटही टळतो. त्रास महामार्ग सोडल्यावर सुरू होतो. किनाऱ्याच्या गावांतले रस्ते दोन गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, मधून जातात. समोरून एसटी आली तर कुणीतरी मागे जायचं असतं, आणि एसटी मागे जात नाही. छतावरच्या एसीसकट आमच्या गाडीची उंची पावणेदहा फूट. म्हणून देवळाच्या कमानी, फणसाच्या आडव्या फांद्या आणि लोंबणाऱ्या केबलचं भान सतत ठेवावं लागतं. उंची, रुंदी आणि लांबी लिहिलेली पट्टी आम्ही स्टिअरिंगसमोर चिकटवली आहे. चाकांवर ओढायची कॅरव्हॅन काहीजण सुचवतील. आपल्या रस्त्यांवर तिचा विचारही करू नका, दाभोळच्या बाजारातून ती मागे कशी घेणार?

फेरीबोटी हा किनारी प्रवासाचा आनंद आहे. धोपावे-दाभोळ, तवसाळ-जयगड, वेश्वी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, या बोटींनी खाड्यांचे मोठे वळसे वाचतात. पण मोटरहोमचा मागच्या चाकांमागचा भाग लांब असतो. ओहोटीला पाणी खाली गेलं की धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन तयार होतो, आणि त्या कोनात गाडीचं शेपूट घासतं. आमच्या गाडीच्या वापरलेल्या पाण्याच्या टाकीची तोटी अशीच तुटली. पुढची चाकं बोटीवर चढली, मागून कटकन आवाज आला, आणि आदल्या दिवसाचं सगळं भांड्यांचं पाणी धक्क्यावर. मागे उभ्या असलेल्या कोळणींच्या टोपल्यांखालून ते वाहत गेलं. मी उतरून त्यांची माफी मागितली आणि बादलीने धक्का धुतला. तोटी तिथे बसवणं चूकच होतं, ती आता दोन चाकांच्या मध्ये, वर उचलून बसवली आहे. तेव्हापासून आम्ही भरतीची वेळ बघूनच निघतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी फार खाली जाते म्हणून ते दोन-तीन दिवस दुपटीने जपतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, तेव्हा बिनघोर जावं.

आणि गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, नेऊ नका. फोटोत फार सुंदर दिसतं, मला कळतं. पण किनाऱ्यावर वाहनांना बंदी घातलेली असते, गुन्हेही नोंदवतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे उतरलेले एक गृहस्थ संध्याकाळी ओल्या वाळूवर गाडी घेऊन गेले. ओली वाळू वरून सिमेंटसारखी टणक दिसते. चाक फिरलं की खाली भसका. त्यांनी जोर लावला, चाक ॲक्सलपर्यंत गेलं. भरती लागली होती. आमच्या वाडीतला ट्रॅक्टर आला, पहिला दोर तुटला, दुसरा बांधेपर्यंत लाट मागच्या चाकांना लागली. गाडी निघाली रात्री साडेआठला. पण खारं पाणी हबमध्ये आणि ब्रेकमध्ये गेलेलं. पुढच्या सहा महिन्यांत त्यांनी चारही चाकांचं काम करून घेतलं. हाच इशारा सड्यांसाठी, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांसाठी. तुमच्याच राजापूर भागात बारसू, देवाचे गोठणे इथल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. उघडा सडा बघून माणसाला गाडी वर चढवावीशी वाटते. चाकाखाली काय येतंय ते दिसत नाही. गाडी रस्त्यावर ठेवा आणि चालत जा.

आता ज्याबद्दल विकणारे बोलत नाहीत ते, म्हणजे घाण पाणी. कॅसेट टॉयलेटची काढून नेता येणारी टाकी साधारण अठरा-वीस लिटरची असते. दोघांना दोन-तीन दिवस पुरते, मग ती कुठेतरी रिकामी करावीच लागते. परदेशात त्यासाठी ठिकाणं असतात, आपल्याकडे सहसा नसतात. ती सेप्टिक टँकच्या शौचालयात, घरमालकाला विचारूनच, रिकामी करायची. टाकीत घालायचं रसायन फॉर्मलिनचं नको. ते सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं आणि महिनाभराने तो टँक तुंबतो, तोपर्यंत तुम्ही गोव्याला पोचलेले असता. एन्झाइमचं मिळतं, ते वापरा. रानात किंवा पऱ्यात (ओढ्यात) कधीही ओतू नका. आपला जांभा सच्छिद्र आहे, वर ओतलेलं पावसात झिरपून कुणाच्या तरी विहिरीत उतरतं. सेप्टिकसुद्धा विहिरीपासून पन्नास फूट लांब हवा म्हणतात ते उगीच नाही. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी मात्र साधा साबण वापरला तर माडाच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडता येतं, न्हाणीचं पाणी आपण पिढ्यान्पिढ्या तिथेच सोडतो. तेही विचारून. मी यजमान म्हणून सांगते, ज्या पाहुण्याने येताच "ताई, टाकी कुठे रिकामी करू?" असं विचारलं त्याला आम्ही पुन्हा कधीही जागा देतो. न विचारता गडग्यामागे ओतणाऱ्यामुळे शेजारच्या वाडीत आता कुणीच मोटरहोम उभी करू देत नाही.

विजेबद्दलचा गैरसमज एसीचा. २०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट वीज. एक टनाचा एसी कोकणातल्या मे महिन्याच्या रात्री, त्या दमट हवेत, जेमतेम तीनेक तास चालेल. सोलरचं ४०० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला दीड युनिटाच्या आसपास देतं, आणि पावसाळ्यात काय देणार ते तुम्हीच बघा. म्हणजे एसी हवा तर रात्री कुणाच्या तरी प्लगला जोडावं लागणार. आम्ही एसी जवळपास वापरत नाही. दोन १२ व्होल्टचे पंखे, समोरासमोरच्या खिडक्या, त्यांना बारीक जाळी. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून. संध्याकाळी गाडी अशी लावायची की खिडकी डोंगराकडे राहील. एवढं केलं तरी पहाटे पांघरूण लागतं, निदान मार्चपर्यंत. एप्रिल-मे मात्र सोसावं लागतं.

प्लगला जोडताना अर्थिंग तपासा. एका मे महिन्यात आमच्याच आवारात, आमच्याच प्लगवर लावलेल्या गाडीच्या पायरीवर एक मुलगी ओल्या पायाने उभी राहिली आणि तिला झिणझिण्या आल्या. कातळावर आमचं अर्थिंग उन्हाळ्यात सुकलं होतं आणि त्या गाडीत कुठेतरी वायर सोललेली होती. दोन्ही दोष एकत्र आले. मुलगी ठीक होती, पण मी त्या रात्री झोपले नाही. दुसऱ्या आठवड्यात आम्ही अर्थिंगचा खड्डा नवीन खोल खणून घेतला, मे महिन्यात त्यात रोज पाणी घालतो, आणि प्रत्येक प्लगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, लावला. तुमच्या गाडीतही तो हवाच. दहा-वीस रुपयांचा टेस्टर घेऊन प्लग लावल्यावर गाडीच्या पत्र्याला टेकवून बघायचा, मगच घरच्यांना पायरीवर पाय ठेवू द्यायचा.

गॅसबद्दल एवढंच: एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं, आणि गाडी चालू असताना व बोटीवर रेग्युलेटर बंद. मासे तळायचे तर बाहेर तळा. गादीच्या फोममध्ये बांगड्याचा वास बसला की तो सहज निघत नाही.

आता उभ्या गाडीकडे येते, ज्यासाठी एवढं लिहायला घेतलं.

आमच्या गाडीचा दुसरा पावसाळा. जूनमध्ये गाडी लावली, वर ताडपत्री बांधली, आणि आपण नीट केलं असं समजून निर्धास्त झालो. ऑगस्टमध्ये दार उघडलं तर कुबट वास. पलंगामागच्या भिंतीला हात लावला तर प्लायवूड फुगून मऊ झालेलं, बोट दाबलं की आत जाई. छतावरच्या हवेच्या झरोक्याभोवतीचं सीलंट सुटलं होतं. थेंब थेंब पाणी भिंतीच्या आतून उतरत होतं आणि ताडपत्रीमुळे ते वाळायला वावच नव्हता. वर ताडपत्री वाऱ्याने घासून रंगही गेला होता. बॉडीवाल्याने ओल्या जागेसाठीचं प्लाय म्हणून बिल केलं होतं, भिंत उघडल्यावर आत साधं कमर्शियल प्लाय निघालं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला साधे लोखंडी स्क्रू मारले होते, त्यांच्याभोवती पत्रा पांढरी भुकटी होऊन झडत होता. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, असं झालं की ते होणारच. ती बाजू पूर्ण नवी करावी लागली. म्हणून तुम्हाला सांगते, गाडी बांधली जात असताना जाऊन बघा. प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का हवा, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे हवेत, आणि भिंत बंद करण्याआधी प्रत्येक जोडाचे फोटो काढून ठेवा. छतावर जितकी भोकं कमी तितकी बरी.

आता आमचा नेम असा. किनाऱ्यावरून परतल्यावर त्याच दिवशी गाडीखाली गोड्या पाण्याचा फवारा, स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये, चाकांच्या कमानीत, सायलेन्सरच्या वर. मे महिन्यात तळाला गंजरोधक लेप, छताच्या प्रत्येक जोडावरून बोट फिरवून सीलंट तपासणं. पावसाळ्यात गाद्या काढून माळ्यावर, कपाटांची दारं उघडी, बॅटरीवर चालणारा छोटा पंखा आतली हवा फिरवत ठेवतो. दर पंधरा दिवसांनी गाडी बाहेर काढून वीसेक किलोमीटर फिरवायची, नुसतं जागेवर इंजिन चालू करून भागत नाही. ब्रेकच्या ड्रमवर गंज धरतो, टायर एका जागी दबतात. उंदरांसाठी वायरिंगच्या वाटा जाळीने बंद केल्या आहेत. आणि गाडी माडाखाली कधीच नाही. शहाळं पडलं तरी सोलर पॅनलचा चुरा होतो.

हे सगळं करायला कुणीतरी गावात राहणारं हवं. आम्ही इथेच राहतो म्हणून जमतं. तुमची गाडी राजापूरला आणि तुम्ही डोंबिवलीला, तर जुलैमध्ये पंधरा दिवसांनी ती कोण हलवणार? डोंबिवलीत सोसायटीच्या आवारात पावणेदहा फुटी गाडी लावू देतील का? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय शोरूमकडे फिरकू नका.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. आधी गावच्या घरात चांगलं न्हाणीघर, कमोड, पकडायच्या दांड्या आणि थंडगार झोपायची एक खोली करून घेतली असती. तीस लाखांतला थोडाच भाग त्यात जाईल आणि ते सुख रोजचं आहे. मग मोटरहोम भाड्याने घेऊन दोन प्रवास. एक जानेवारीत, जेव्हा सगळंच छान वाटतं, आणि एक जुलैच्या मध्यात, सलग सहा-सात रात्री, जेव्हा ओले कपडे, बंद खिडक्या आणि चौदा फुटांच्या खोलीत दोन माणसं असं खरं रूप दिसतं. वहिनींना गाडी चालवता येत नसेल तर त्यांनी निदान टाकी रिकामी करणं, प्लग जोडणं, मागे बघून गाडी लावायला सांगणं, हे सगळं हाताने करून बघावं. ही दोघांची गाडी असते. एकाची हौस आणि दुसऱ्याची फरफट असली तर दुसऱ्या वर्षी ती विकायला निघते. अशा विकायला निघालेल्या, कागदपत्रं चोख असलेल्या गाड्याच पुढे तुम्ही बघा. पहिल्या मालकाने घसाऱ्याचा मोठा घास सोसलेला असतो, आणि ती एक-दोन पावसाळे बघितलेली असल्यामुळे कुठे गळते तेही कळतं. बघायला जाल तेव्हा गाद्या उचलून कोपऱ्यातलं प्लाय अंगठ्याने दाबा, कपाटात डोकं घालून वास घ्या.

जुलैचा प्रवास आमच्याकडून गेलात तर एक रात्र थांबा, वजनकाट्याला मी बरोबर येईन. आणि एवढं सगळं करूनही घ्यायचीच ठरली, तर गाडीच्या आधी गावी शेड बांधा. आत किमान बारा फूट उंच, गाडीपेक्षा दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट जास्त रुंद, पत्रा चारही बाजूंनी इतका पुढे काढलेला की नैर्ऋत्येच्या पावसाची झड आत येणार नाही, पण बाजू मोकळ्या. खाली जांभ्याची फरशी नको, ती ओल धरून ठेवते. सिमेंटचा कोबा, मागच्या बाजूला हलका उतार. गवंड्याला हे दिवाळीनंतर लगेच सांगा, म्हणजे मेच्या आत पुरं होईल.